विंगेतला साक्षीदार

भिंगरीचं पत्र आलं तेव्हा काका दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, आणि मग उरलेली अर्धी दाढी करायची त्या दिवशी राहूनच गेली. ही गोष्ट थंडीतली. आता पंखे लावायचे दिवस आले होते तरी उत्तराचा पत्ता नव्हता.

उत्तर लिहिलं नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. लिहिलं होतं, बख्खळ लिहिलं होतं. टेबलावर त्याची चळत होती. पहिला मसुदा एका पानाचा होता. त्यात एक शंका निघाली, तिचं निरसन करायला दुसरं पान लागलं, त्या निरसनातून आणखी दोन शंका निघाल्या, आणि आता उत्तराला प्रस्तावना होती, पण उत्तर नव्हतं.

काकांचं हे असंच. सगळी हयात कॉलेजच्या लायब्ररीत काढलेली. आधाराशिवाय एक वाक्य तोंडातून काढायचं नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली. "आज उकडतंय," एवढं बोलले तरी "असं मला वाटतं, कदाचित मला एकट्यालाच" हे शेपूट असायचंच. म्हणून चर्चमधली अख्खी मंडळी त्यांना तळटीप काका म्हणायची. तोंडावर नुसतं काका.

भिंगरी ही त्यांच्या संडे स्कूलमधली जुनी पोर. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. आता ती नाटक कंपनीत होती, चांगलं नाव कमावून होती. पत्रात तिनं लिहिलं होतं:

"काका, मंडळीच्या मासिकातला तुमचा लेख वाचला. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या काळात कुणी बाप्तिस्मा मागायला आलं की दारातच विचारत, तू काम काय करतोस? आखाड्यात लढणाऱ्याला, जादूटोणा करणाऱ्याला आणि नाटकात काम करणाऱ्याला सांगत, आधी ते सोड, मग ये. तुम्ही शेवटी लिहिलंय, ज्यानं काही सोडलं नाही तो शिष्य कसला? काका, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मंडळीसमोर उभं राहून 'मी हिला ओळखतो' असं म्हणणारा साक्षीदार लागतो. मला तुम्हीच हवे आहात. उभे राहाल? की मी आधी नाटक सोडू?"

साधा प्रश्न. हो किंवा नाही. आणि तिथंच काकांची गाडी रुतली होती. पहिल्या शिष्यांवर त्यांनी आयुष्यभर वाचलं होतं. जाळी टाकून उठलेले कोळी, जकातीचं टेबल तसंच सोडून निघालेला माणूस, घरदार गेलं तरी तोंडातलं नाव न सोडणाऱ्या बायका. या सगळ्यांविषयी विचारलं तर काका अडखळता अडखळता तासभर बोलले असते. पण आपण स्वतः काय सोडलं, असं मनात आलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा. पेन्शन चालू, चष्मा नवा, खुर्ची मऊ. असल्या माणसानं दुसऱ्याला 'सोड' म्हणायचं? आणि 'सोडू नकोस' म्हणावं, तर मग लेखाचं काय?

शनिवारी सकाळी ताई बाहेरून आली ती पिशवी न ठेवताच थेट त्यांच्या खोलीत. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. दोघंच घरात. तिचं बोलणं तळटिपांच्या बरोबर उलट, नुसती ठळक अक्षरं.

"भिंगरी नाटक सोडतेय."

काकांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "कुणी सांगितलं?"

"तिनंच. भाजीवाल्यापाशी भेटली. कंपनी पुढच्या आठवड्यात दौऱ्यावर निघतेय. ही जाणार नाही. बुधवारी मॅनेजरला तसं कळवणार आहे. आज दुपारी इथला शेवटचा प्रयोग."

"पण का?"

"का म्हणजे? तू उत्तर दिलं नाहीस म्हणून! ती म्हणते, काकांना हो म्हणायचं असतं तर पहिल्याच आठवड्यात म्हणाले असते. नाही म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून गप्प बसलेत बिचारे."

"मी नाही कुठं म्हटलं?"

"तू काही तरी कुठं म्हटलंस?" ताईनं पिशवी टेबलावर, थेट मसुद्यांवर आदळली. "आणि मला एक सांग. तुझ्या लेखापायी पोरगी काम सोडणार. मग खाणार काय? तू घालणार आहेस जेवायला?"

काका काही बोलायला गेले आणि एकदम थांबले. चेहरा असा झाला की ताई घाबरली. "अरे, छातीत दुखतंय का?"

"नाही. तळटीप!"

"आता रे कसली तळटीप?"

"सातवी... म्हणजे सातवीच असावी. ताई, ती खाली होती! चर्चचे पाळक म्हणाले, काका, मासिकात जागा नाही, तळटिपा काढा. मी काढल्या. सगळं त्यांतच होतं!"

काका उठून येरझाऱ्या घालू लागले. या खोलीत तीनच पावलं टाकता येत, त्यामुळे ते जवळजवळ गरगर फिरत होते. शब्द धडपडत बाहेर येत होते. त्या काळचे खेळ म्हणजे काय होतं ठाऊक आहे? रंगमंचावर खरी माणसं मारली जायची. शिक्षा झालेल्या कैद्याला सोंगाचे कपडे घालायचे आणि गोष्टीतल्यासारखं खरोखर जाळायचं, आणि लोक टाळ्या पिटायचे. नट बहुतेक गुलाम. दारातला प्रश्न 'तू नट आहेस का' एवढाच नव्हता, तुझ्या कामात कुणाचा जीव जातो, असाही होता. आणि पुढची गोष्ट तर त्याहून मोठी. नाटक सोडून आलेल्या एका माणसाविषयी एका जुन्या वडीलधाऱ्यानं लिहिलेलं पत्र आहे. त्यात म्हटलंय, त्याचं पोट भरत नसेल तर मंडळीनं त्याला जेवू घालावं. तुमची ऐपत नसेल तर आमच्याकडे पाठवा, आम्ही घालू.

"म्हणजे 'सोड' म्हणणारा लगेच ताट मांडायचा, ताई! मी 'सोड' तेवढं छापलं आणि ताट काढून टाकलं!"

ताई म्हणाली, "हे मला काय सांगतोस? तिला जाऊन सांग."

काका निघाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांच्या लक्षात आलं की पायांत घरातल्या सपाता आहेत. परत फिरलो तर पुन्हा बाहेर पडणं होणार नाही, हे स्वतःला पुरतं ओळखून असल्यामुळे ते तसेच पुढं गेले.

नाट्यगृहाच्या मागच्या दारात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. गळ्यात शिट्टी, कानामागं पेन्सिल, डोळ्यांत अंगार. ही कंपनीची मॅनेजर. काकांना पाहताच ती ओरडली, "आलात? अहो, किती उशीर!"

"मी... म्हणजे मला जरा—"

"वाचता येतं ना नीट?"

जन्मात पहिल्यांदाच कुणी काकांना हा प्रश्न विचारला होता. ते इतके गोंधळले की म्हणाले, "हो. पुष्कळ."

"डोळे?"

"चष्मा नवा आहे."

"मग चला." आणि तिनं त्यांचा दंड धरून त्यांना आत ओढलं. आडून नटांना ओळी सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचा घसा बसला होता, बदली माणूस येणार होता, आणि सपातांतला हा म्हातारा तोच असणार अशी तिची खात्री झाली होती. 'नाही' म्हणायला जेवढी हिंमत लागते तेवढी काकांजवळ कधीच नव्हती. पाहता पाहता ते विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशाला, एका स्टुलावर बसले होते. मांडीवर नाटकाची जाडजूड संहिता, डोक्यावर छोटासा दिवा. समोर खोटं घर, खोटी खिडकी, आणि तिच्यामागं खऱ्या शिडीवर चढलेला माणूस एका दिव्याला शिव्या घालत होता. हवेत पावडर, सरस आणि तापलेल्या तारांचा वास. गंमत म्हणजे, काकांना पळून जावंसं वाटत नव्हतं.

"काका?" अर्ध्या चेहऱ्याला रंग लावलेली भिंगरी समोर येऊन थबकली. "तुम्ही? इथं? उत्तर द्यायला आलात?"

"हो. म्हणजे मुळात माझा लेख अपुरा—"

तिसरी घंटा झाली. "नंतर, काका, नंतर!" आणि ती फिरकीसारखी वळून अंधारात गेली.

पडदा वर गेला. नाटक साधंच होतं. वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला बाप घरी परततो, दारात उभा राहतो, आणि मुलगी दार उघडत नाही. बापाचं काम करणारा नट म्हातारा होता. तरुणपणी सगळे राजे यानंच केले, म्हणून त्याला सगळे राजेसाहेब म्हणत. काका बोट ओळीवर ठेवून वाचत होते. एक शब्द इकडचा तिकडं होत नव्हता. आपण हे काम करू शकतो, असं त्यांना वाटायला लागलं होतं, आणि तिथंच घात झाला.

बाप म्हणाला, "दार उघड, पोरी." भिंगरीनं कडीवर हात ठेवला आणि ती गप्प उभी राहिली. काकांनी ओळ पाहिली. 'नाही उघडणार.' भिंगरी गप्पच. पोरगी विसरली! आणि लायब्ररीत आयुष्यभर दुसऱ्यांना हळू बोलायला लावणारा हा माणूस, भीतीच्या भरात, तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "नाही उघडणार!"

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजरनं पलीकडच्या विंगेत कपाळ धरलं. ती मुलगी विसरली नव्हती. त्या गप्प राहण्यासाठीच लोक तिकीट काढून यायचे.

भिंगरी मात्र जागची हलली नाही. विंगेकडं मान वळवून ती वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "शेजारचे काका, हा आमच्या घरचा मामला आहे. तुमची खिडकी लावून घ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काका स्टुलावर इतके लहान झाले की संहितेमागं दिसेनासे झाले. आता जीभ उचलायची नाही, काही झालं तरी नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मध्यंतरात राजेसाहेब त्यांच्या शेजारी येऊन बसले. पेल्यातलं पाणी हिंदकळत होतं. "काय प्रधानजी," ते मिश्कीलपणे म्हणाले, "आज आमच्या संसारात तुम्हीही पडलात?"

"माझी चूक झाली. मी... मी पुस्तकातला माणूस."

"चालायचंच." राजेसाहेब वाकून हळूच म्हणाले, "माझ्या वेळेला मात्र गप्प राहू नका हं. अलीकडं डोक्यातली पानं गळतात. ती पोरगी सांभाळून घेते. माझी ओळ गेली की आपली ओळ अशी फिरवते की माझी आपोआप हाती येते. लोकांना पत्ता लागत नाही. मॅनेजरलासुद्धा नाही. तिनं कुणाला सांगितलेलं नाही, आणि मलाही तोंडावर म्हणाली नाही कधी." त्यांनी पाणी संपवलं. "म्हणतात, सोडून चाललीय. मग आमचंही दुकान बंद."

दुसरा अंक सुरू झाला आणि काका आता ओळींकडं कमी, माणसांकडं जास्त पाहू लागले. राजेसाहेब म्हणत होते ते खरंच होतं. एकदा राजेसाहेब अडले. भिंगरीनं संहितेत नसलेला प्रश्न विचारला, "बाबा, त्या पुलाचं सांगत होता ना?" आणि पुलाची ओळ राजेसाहेबांच्या तोंडून धबाधबा वाहू लागली. पुन्हा अडले. ती त्यांच्या खांद्यावरची शाल नीट करायला गेली आणि तेवढ्यात त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटून आली. आपली चांगली चांगली वाक्यं ती अर्ध्यावर तोडून त्यांच्या हाती देत होती. टाळ्या त्यांना मिळत होत्या. काकांचे डोळे भरून आले आणि नवा चष्मा काही उपयोगाचा राहिला नाही.

हेच की, ते मनात म्हणाले. प्रभूनं मेजावरून उठून शिष्यांचे पाय धुतले ते हेच. आणि मी हिला दारात उभं करून विचारत होतो, तू काम काय करतेस!

मग तो शेवटचा प्रवेश आला. बापाचं लांबलचक बोलणं, आणि त्यात मुलगी घराच्या आत, बंद दारामागं. तिला बाहेर येताच येत नाही. राजेसाहेब बोलू लागले, बोलता बोलता रंगमंचाच्या मधोमध थांबले, आणि त्यांची नजर रिकामी झाली.

ही रंगवलेली शांतता की पान गळलं? काकांनी ओळ पाहिली. मघाशी नको तिथं बोललो, आता पुन्हा हसं झालं तर? दारामागून भिंगरी काकांकडं पाहत होती. ओठ आवळलेले, हाताच्या मुठी वळलेल्या. तिला काहीच करता येत नव्हतं. राजेसाहेबांनी किंचित, अगदी किंचित, विंगेकडं मान केली.

खात्री नव्हती. आधार नव्हता. काकांनी श्वास घेतला आणि हलक्या, स्वच्छ आवाजात म्हटलं, "मी थकलोय..."

"मी थकलोय," राजेसाहेब म्हणाले, आणि दिवा लागावा तसा त्यांचा चेहरा उजळला. "मी थकलोय, पोरी, पण परत जायला नाही आलो." पुढचं सगळं कसं सरसर आलं! दार उघडलं, पडदा पडला, आणि टाळ्या थांबेनात. काका स्टुलावरून उठले आणि नाचावं तसे सपाता आपटू लागले. मॅनेजर म्हणाली, "आजोबा, पहिल्या अंकासाठी तुम्हाला हाकलून द्यायला हवं, आणि शेवटच्यासाठी ठेवून घ्यायला हवं. कुठं सापडलात हो तुम्ही?"

मेकअपच्या खोलीत भिंगरी चेहऱ्याला तेल चोळत बसली होती. काका दारातच उभे राहून बोलू लागले, भडाभडा, मधे न थांबता. तळटीप, ताट, ते जुनं पत्र, गुलाम नट, सगळं.

तिनं हात वर केला. "काका, थांबा."

"म्हणजे मुख्य मुद्दा असा की—"

"मुद्दा कळला. पण मला तोंडी नको." तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर अजून रंग होता, आवाजात मात्र नाटक नव्हतं. "तुम्ही 'सोड' म्हणालात ते शाईनं छापून म्हणालात. आख्ख्या मंडळीनं वाचलं. मी बाप्तिस्म्याचं विचारलं तर दोघीतिघींनी मला तो लेख दाखवला. इतके दिवस मी रोज पेटी उघडून बघायचे. आता विंगेत, भावनेच्या भरात, कुणीही काहीही बोलतं. उद्या खोलीत जाऊन बसाल, पुन्हा शंका निघेल. खरं असेल तर शाईनंच लिहा. मी बुधवारपर्यंत थांबते."

काकांना राग यायला हवा होता. उलट त्यांना तिच्या म्हणण्याचं विलक्षण कौतुक वाटलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. शेपूट न लावता म्हटलेलं ते त्यांचं बहुधा पहिलंच वाक्य असावं.

बाहेर तिकीटखिडकीशी ताई उभी होती.

"तू? तू कधी आलीस?"

"तुझ्या मागोमाग. तिसरी रांग. शेजारच्या काकांचा आवाज अगदी खणखणीत लागला हो!" ती हसली आणि मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. "बोललास?"

"लिहायचंय. आत्ता. घरी नको, ताई, घरी पुस्तकं आहेत."

तिकीटवाल्याकडून कागद घेतला, पेनही त्याचंच. पाकीट आणि टपालाचं तिकीट समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून ताईनं आणलं. काका खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहू लागले. मागं संध्याकाळच्या दुसऱ्या नाटकाची रांग लागायला लागली होती, लोक चुळबुळत होते, आणि त्यांचं पेन सुसाट चाललं होतं.

"पोरी, नाटक सोडू नकोस. मी अर्धंच लिहिलं होतं. त्या माणसांनी काय सोडलं हे मी मोजत बसलो, ती कुणाच्या मागं निघाली आणि वाटेत कुणाला हात दिला हे पाहायचं राहिलं. ते मी आज विंगेतून पाहिलं. तू कुणाचा हात धरून चालतेस ते मला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही, कारण तूही ते कुणाला सांगितलेलं नाहीस. पाळकांना सांगून मासिकाच्या पुढच्या अंकात लेखाचा उरलेला भाग छापून घेतो, तळटिपांसकट. नाही छापला तर प्रार्थनेनंतर उभा राहून वाचून दाखवीन. दौऱ्याहून आलीस की मी मंडळीसमोर उभा राहीन आणि म्हणेन, मी हिला ओळखतो. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे पाय लटपटतात. अडलो तर तू सांभाळून घे. आणि कधी काम सुटलंच, तर आमच्याकडे ताट आहे. ताईनं सांगितलंय."

"मी कधी सांगितलं?" ताई खांद्यावरून वाचत म्हणाली.

"सकाळी विचारलंस ना, जेवायला कोण घालणार म्हणून."

ताईनं नाक ओढलं. "बरं, बरं. पत्ता नीट लिही."

भिंगरी रोज पेटी उघडून बघायची, म्हणून पत्र हातात न देता टपालानंच जायला हवं होतं. टपालपेटी चौकात होती. काका लगबगीनं निघाले, सपातांचा फटफट आवाज करत. पेटीसमोर उभे राहिले, पाकीट फटीत अर्धं सरकवलं, आणि हात थांबला.

"काय झालं?"

"मंडळीनं जेवू घालावं, असं मी म्हणतो, पण त्या जुन्या पत्रात नेमका शब्द—"

"हे बघ," ताई म्हणाली, "मी ढकलणार नाही."

काकांनी तिच्याकडं पाहिलं. मग पाकिटाकडं. मागं चौकात गाड्या वाजत होत्या, नाट्यगृहापाशी रांग वाढत होती, आणि आपला चेहरा उगीचच हसतोय हे त्यांना जाणवत होतं. त्यांनी बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला. त्यांनी फटीतून वाकून पाहिलं. आत नुसता अंधार होता, आणि हात काही आत जात नव्हता.